चाळीस हजारांत लांब पल्ल्याची पहिली रोड बाईक: आपल्या रस्त्यांवर चालेल का?

दारव्हा_पायडल: हिवाळ्यात नागपूरची २०० किमीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, करायची आहे. माझं मत आधीच सांगतो. पहिली गाडी ड्रॉप हँडलचीच, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची रोड बाईकच घ्यावी. सपाट हँडलची हायब्रिड घेऊन वर्षभरात पडत्या भावात विकायची, हा धंदा कशाला? शहरातल्या एका दुकानात २५ च्या (मिलिमीटर रुंदीच्या) टायरची गाडी दाखवली. गिअर शिमानो क्लॅरिसचे, म्हणजे मागं ८. दुकानदार नुसता "उचलून बघा, किती हलकी" म्हणत राहिला. घेऊ का?

गिट्टीवाला: काहून बावा रोड बाईकच्या मागं लागला? आमच्या गावापासून हायवेपर्यंतचं डांबर उडून गिट्टी वर आली. तिथं २५ चा टायर म्हंजे रोजचं पंचर. दिवाळीनंतर धुऱ्यावरचे सराटे वाळून रस्त्यावर येतेत, ते वेगळेच. अन् २०० ले साडेतेरा घंटे भेटतेत. ताशी १५ बी पडत नाही! तेवढं हायब्रिडवर आरामात होते. उरलेल्या पैशात चांगले टायर घे.

वर्धेचा_वारा: गिट्टीवाले भाऊ, त्या साडेतेरा तासांतच चहा, जेवण, पंक्चर आणि कंट्रोलवरचे, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणांवरचे, शिक्के येतात. घड्याळ थांबत नाही. आणि सपाट हँडलवर हात एकाच जागी राहतात. शंभरच्या पुढं करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मग ब्रेक दाबतानाही कळत नाही. ड्रॉपवर हात वर ठेवा, हूडवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठीवर) ठेवा, खाली घ्या. हिंगणघाटकडच्या मोकळ्या रानात समोरून वारा लागला की खाली वाकता येणं म्हणजे काय, ते समजतं. ताशी २५ च्या वर गेलात की निम्म्याहून जास्त जोर हवा कापण्यातच जातो.

गिट्टीवाला: २५ नं कोन चालवून राह्यलं इथं?

काळी_माती: हँडलवरून भांडून काय होणार? आधी टायर आणि फ्रेममधली जागा बघा. रिम ब्रेकच्या (चाकाची कड दाबणाऱ्या) बऱ्याच स्वस्त रोड बाईकमध्ये २८ च्या वर टायर बसत नाही. पावसाळ्यात शेतातून ट्रॅक्टर बाहेर पडले की डांबरावर काळ्या मातीचे लगदे पडतात. त्यातून गेलं की माती टायरला गुंडाळते, ब्रेकखाली अडकते आणि चाक जाम. मग बसा काडीनं खरवडत. म्हणून ३२ चा टायर बसेल अशीच फ्रेम घ्या, शक्यतो केबलचा डिस्क ब्रेक (चाकाच्या मधल्या चकतीवर दाबणारा) असलेली. तेलाची डिस्क भारीच, पण गळती लागली तर तालुक्यात ती उघडणारा सापडणं कठीण.

वर्धेचा_वारा: ३२ ला पूर्ण पाठिंबा. पण केबलची म्हणून निर्धास्त होऊ नका. रोडच्या लिव्हरमध्ये बसणाऱ्या ब्रेक केबलचं डोकं वेगळ्या आकाराचं असतं, साध्या सायकलची केबल त्यात बसत नाही. एक जास्तीची सीटखालच्या पिशवीत ठेवा. बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हचंही तेच. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी त्यावर बसत नाही, पितळी अडॅप्टर लागतो. तो नसेल तर दुकानात उभं राहूनही हवा मिळायची नाही.

परतवाडा_घाट: गिअरचं कोणीच बोललं नाही! नुसतं ८ की ९ विचारू नका, मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला दात किती ते मोजा. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. पुढं ३४ आणि मागं २८ दातांवर आमच्याकडचे तगडे पोट्टेही वळणावर उभे राहून पायडल मारतात. मागं ३२ किंवा ३४ असेल तर बसून, श्वास सांभाळत चढता येतं.

दारव्हा_पायडल: म्हणजे क्लॅरिस चालेल, पण ३२ चा टायर आणि मागं ३२ दात हवेत. ही गाडी मोठ्या साईजचीच शिल्लक आहे. "सीट खाली करून देतो" म्हणतात.

काळी_माती: मुळीच घेऊ नका. सीट खाली करून उंची जमेल, पण हँडलपर्यंतचं अंतर तेवढंच राहील. खांदे-मान ताणून दिवसभर बसणार का? आपल्या साईजची मागवा, नाही तर दुसरं दुकान बघा.

गिट्टीवाला: अन् साईजची नाहीच भेटली, तं हायब्रिडच घे. बार एंड, म्हंजे हँडलच्या टोकाचे शिंगं, लाव, हाताले दुसरी जागा होते. मी काही मत बदललं नाही.

वर्धेचा_वारा: बार एंडनं पकड बदलते, वारा तेवढाच लागतो. दारव्हेकर, थांबा महिनाभर, पण ड्रॉपच घ्या.