हम्प्ता पासला चौघं निघालोय, मागं राहणाऱ्या मित्राला न्यावं का?

शहापूरकर:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं हम्प्ता पास, म्हणजे मनालीजवळची हिमालयातली खिंड, करायचं म्हणतोय. तिघं बेळगावातल्या शहापूर-वडगावचे, एक खानापूरचा. गोवा एक्सप्रेसचं बुकिंग झालंय. दिल्लीहून रात्रीची बस, सकाळी मनालीत उतरायचं आणि त्याच दुपारी जोब्र्याहून चालायला लागायचं, असा बेत आहे. रजा मोजकीच मिळाली आहे.

दोन महिने दर रविवारी पहाटे पाठीवर दहा किलो घेऊन येळ्ळूरचा राजहंसगड चढतोय. तिघांचं बरं चाललंय, चौथा मात्र मागं राहतो. वजन जास्त आहे, दम लागतो. बाकी दोघं म्हणतात, ह्या वेळी त्याला नको नेऊया, वर काही झालं तर सगळ्यांचंच अडेल. खरं मला ते त्याला सांगवत नाही. शाळेपासून एका बाकावर बसलेलो आम्ही. त्याला नेणं खरंच धोक्याचं आहे का? जाऊन आलेल्यांनी सांगा.

चंदगडचा:
मित्राचं जाणकार सांगतील, मी पाण्याचं सांगतो. पास उतरल्यावर सियागोरूला जो ओढा ओलांडायचा असतो तो सकाळी लवकरच ओलांडा. दिवसभर ऊन लागून बर्फ वितळतं आणि दुपारी पाणी चढतं. बूट काढून सँडल घाला, एकमेकांचे दंड धरून चला. पाणी इतकं गार असतं की पाय आपले वाटत नाहीत. आपल्या तिलारीच्या ओढ्याचा अंदाज तिथं चालत नाही.

अनगोळचा मास्तर:
तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला त्या मागं राहणाऱ्या मित्रापेक्षा तुमच्या बेताची जास्त काळजी वाटली, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१४ साली आम्ही पाचजण ह्याच वाटेनं गेलो होतो, आणि बेतही अगदी हाच. आमच्यात सगळ्यांत दणकट गडी तालमीत वाढलेला, रोज पहाटे जोर-बैठका मारणारा. मूळचा हुक्केरीकडचा, घरात कानडी, खरं आमच्याशी कायम मराठीच बोलायचा. पहिल्या दिवशी चिक्याला सगळ्यांच्या आधी पोचला, दुसऱ्या दिवशी बालू का घेराला तर तासभर आधी. माझी पिशवीही शेवटी त्यानंच घेतली. रात्री जेवला नाही. विचारलं तर म्हणाला, ‘भूक नाही, प्रवासाचा शीण आहे.’ डोकं दुखत होतं ते बोलला नाही. पाचजणांचा बेत आपल्यामुळं मोडेल हीच त्याला भीती.

पहाटे तो तंबूबाहेर ओकत होता. मी मराठीत विचारलं, ‘डोकं दुखतंय काय रे?’ तो म्हणाला, ‘एनिल्ल, एनिल्ल,’ म्हणजे काही नाही. पुढचे दोन-तीन प्रश्न मी मराठीत विचारले, उत्तरं सगळी कानडीत, आणि आपण भाषा बदललीय हे त्याला कळतच नव्हतं. तिथं माझ्या पोटात गोळा आला. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालायला सांगितलं तर चौथ्या पावलाला कलला. आमच्या वाटाड्यानं एकदा बघितलं आणि पिशव्या बांधायला सांगितल्या. खाली, लगेच. दोन्ही बाजूंनी धरून त्याला चिक्याला आणलं, तिथंही न थांबता जोब्र्याला. जोब्र्याला येईपर्यंत तो मराठीत बोलायला लागला होता. पास राहिला.

आता हिशोब बघा. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास. मनाली दोन हजार. चिक्का ३,१००, बालू का घेरा ३,६०० च्या पुढं, पास ४,२७० मीटर. रेल्वेत आणि बसमध्ये बसून काढलेल्या रात्री उंचीच्या सवयीत धरता येत नाहीत. विरळ हवेची सवय रक्ताला आणि श्वासाला लागावी लागते, ती मांड्यांच्या जोरावर लागत नाही. म्हणून राजहंसगडाचा सराव पायांसाठी उत्तम, उंचीसाठी त्याचा उपयोग नाही. उलट जोरात चालणारा गडी लवकर वर पोचतो, अंगाला वेळच देत नाही. तुमचा चौथा मित्र हळू चालतो, तर कदाचित त्याचंच बरं चालेल. जोखीम चौघांनाही आहे.

मनालीत एक पूर्ण दिवस आणि दोन रात्री काढा. रजा नसेल तर ट्रेक पुढच्या वर्षी करा, मी मनापासून सांगतो. आणि वर रोज रात्री जेवताना चौघांनी एकमेकांना तोंडानं विचारायचं: डोकं, भूक, झोप. लपवलं तर ती मैत्री नव्हे, हे इथंच ठरवून निघा.

निपाणीकर डॉक्टर:
मास्तरांनी सांगितलेलं अडखळणं आणि गोंधळणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण. दुसरी खूण छातीची: बसल्या जागी धाप, खोकला, पुढं गुलाबी फेस. दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी खाली आणायचं. नुसतं डोकं दुखत असेल तर त्याच उंचीवर थांबा, बरं वाटल्याशिवाय वर चढू नका. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये.

उंचीच्या त्रासासाठी ॲसिटाझोलामाइडची गोळी बरेचजण घेतात. चढायच्या आदल्या दिवसापासून १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असा प्रघात आहे. त्यानं श्वासाची गती वाढते आणि सवय लवकर लागते. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, त्यात घाबरण्यासारखं नाही. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. झोपेची गोळी आणि दारू वर नकोच.

जाड मित्राची मात्र एकदा तपासणी करून घ्या, रक्तदाब आणि साखर बघा. ते नॉर्मल असेल तर ‘दम लागतो’ एवढ्यावरून त्याला घरी ठेवू नका.

शहापूरकर:
मास्तर, डॉक्टर, मनापासून आभार. काल तिघांना हे सगळं वाचून दाखवलं. परतीचं तिकीट दोन दिवस पुढं ढकललं, त्यातला एक दिवस बिनपगारी. चौथ्याची तपासणी बुधवारी आहे. रविवारी गडावर त्यालाच पुढं ठेवून त्याच्या चालीनं चढलो. पहिल्यांदाच चौघं एकत्र वर पोचलो, आणि वाटेत गप्पाही झाल्या. मास्तर, तुमचे ते मित्र परत कधी वर गेले काय?

अनगोळचा मास्तर:
गेला की. पुढच्याच वर्षी. मनालीत दोन रात्री काढल्या, चिक्यालाही एक रात्र जास्तीची. ह्या वेळी तो सगळ्यांच्या मागं, मुद्दाम. बालू का घेराला जेवताना आपण होऊन म्हणाला, ‘थोडं डोकं जड आहे.’ आम्ही एक दिवस तिथंच थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला त्यानं पिशवीतून आईनं दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली आणि दोन भाकऱ्या एकट्यानं खाल्ल्या, तेव्हा आम्ही पासकडं निघालो.