ट्रिनिटी म्हणजे ख्रिश्चनांचे ब्रह्मा-विष्णू-महेश का? आणि हे खरंच मतदानाने ठरलं?

नगरी_शंकासुर: ग्रुपवर दोन दिवस राडा चाललाय. एकजण म्हणतो बायबलमध्ये त्रैक्य (ट्रिनिटी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) हा शब्दच नाहीये, रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने 325 मध्ये निकियाला (आजच्या तुर्कस्तानात) बिशप गोळा केले, हात वर करायला लावले आणि येशूला देव करून टाकलं. दुसरा म्हणतो आपली त्रिमूर्तीच ती, नाव वेगळं. जाणकारांनी सांगा, व्हॉट्सॅप फॉरवर्ड नकोत.

वसईचा_पोऱ्या: त्रिमूर्ती नाही रे. तिथे एकाने घडवायचं, एकाने सांभाळायचं, एकाने संहार करायचा अशी कामं वाटलेली, इथे तसं नाही, देव एकच, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा तिघेही पूर्ण देव, तिसरा हिस्सा वगैरे नाही. मूळ अडचण अशी की पहिले ख्रिस्ती सगळे ज्यू, म्हणजे 'परमेश्वर एकच' हे रोज म्हणणारे, आणि तेच येशूला प्रभू म्हणून प्रार्थना करायला लागले, मग दोन्ही कसं बसवायचं? शब्द बायबलात नाही हे बरोबर, पण मत्तय 28:19 मध्ये बाप्तिस्मा तिघांच्या नावानेच द्यायला सांगितलाय.

जुनी_पानं: मतदानवाली गोष्ट ऐकायला भारी आहे, पण टिकत नाही. अंतिओखियाचा थिओफिलस 180 च्या सुमारास 'त्रयी' लिहून गेलाय, कार्थेजच्या टर्टुलियनने पुढच्या पिढीत लॅटिनमध्ये 'ट्रिनितास' आणलं, तेव्हा कॉन्स्टंटाइनचा जन्मही झाला नव्हता. निकियाला भांडण अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या पाद्र्यामुळे. येशू थोर, जगाच्या आधीचा, हे त्यालाही मान्य, पण पित्याने निर्माण केलेला, म्हणजे 'तो नव्हता असा एक काळ होता'. परिषदेने हे फेटाळलं, पुत्र पित्याशी एकतत्त्व, म्हणजे त्याच्याच तत्त्वाचा, ठरवला, आणि शेवटी सही न करणारे बिशप फक्त दोन, दोघेही लिबियाकडचे.

आता गंमत बघा. बादशहाने लादलं म्हणावं तर बादशहाच फिरला! एरियसला परत बोलावलं, निकियाची बाजू लावून धरणाऱ्या अथनेशियसला हद्दपार केलं (त्या बिचाऱ्याला आयुष्यात पाचदा जावं लागलं), आणि 337 मध्ये मरताना बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या पाठीराख्या बिशपकडून. पुढे 50 वर्षं हे पेटलेलंच. निस्साचा बिशप ग्रेगरी वैतागून लिहितो की कॉन्स्टँटिनोपलमध्ये पावाचा भाव विचारला तर उत्तर येतं पिता मोठा, पुत्र खालचा, आणि आंघोळीचं पाणी तापलं का विचारलं तर पुत्र शून्यातून निर्माण झाला!

नगरी_शंकासुर: पाववाला एक नंबर 😂 पण मग सोपं करून पाणी-बर्फ-वाफ असं समजायचं का? यूट्यूबवर एक ब्रदर तेच सांगत होते.

वसईचा_पोऱ्या: नको, ते सबेलियस नावाच्या जुन्या ख्रिस्ती शिक्षकाचं मत झालं, म्हणजे एकच देव वेळेनुसार रूप बदलतो, आणि ते चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारलं. यार्देन नदीतला येशूचा बाप्तिस्मा वाच, पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, पित्याची वाणी आकाशातून, तिन्ही एकाच वेळी. रूपं बदलत असतील तर पिता कुणाशी बोलतोय?

मी_नास्तिक_पण: तुमच्या ग्रुपमधल्या पहिल्याला एक खरा मुद्दा द्या. 1 योहान 5:7 मधलं 'स्वर्गात साक्ष देणारे पिता, शब्द आणि आत्मा' हे जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाहीच. इरॅस्मस या विद्वानाने ग्रीक नव्या कराराच्या 1516 च्या आवृत्तीत गाळलं, बोंबाबोंब झाली, 1522 ला घातलं.

जुनी_पानं: बरोबर, ते मागाहून घुसलेलंच. पण निकियाचे लोक त्या ओळीवर अवलंबून नव्हते, त्यांची मारामारी योहानाच्या पहिल्या अध्यायावर आणि नीतिसूत्रे 8:22 वर. आणि हो, पवित्र आत्म्याबद्दल निकियाच्या मतांगीकारात (श्रद्धेच्या जाहीरनाम्यात) जेमतेम एक ओळ होती, ते नीट मांडलं गेलं 381 ला कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत. पश्चिमेकडच्यांनी पुढे त्यात आत्मा 'पित्यापासून आणि पुत्रापासूनही' निघतो असं घातलं, त्यावरून पूर्व-पश्चिम चर्चचं अजून जमलेलं नाही. त्याचा धागा वेगळा काढा, इथे मावणार नाही.