बैलाचं शिंग काढायचंय, बधिरीच्या इंजेक्शनाने खरंच दुखत नाही का?

गोठेवाली_गुहागर
आमच्या ढवळ्याचं डावं शिंग दोन महिन्यांपासून कलायला लागलंय. बुंध्याशी पू येतो, वास मारतो, दिवसभर डोकं खांबाला घासतो. काल डॉक्टर येऊन गेले. शिंगाचा कॅन्सर वाटतोय, मुळापासून काढू म्हणाले. शनिवारी येणार आहेत.

मी दहा वर्षांची असताना बाबांच्या बैलाचं शिंग आमच्याच खळ्यात कापलं होतं. चार माणसांनी दोर घालून पाडला आणि करवत चालवली. इंजेक्शन नाही, काही नाही. मी माजघरात कान दाबून बसले होते तरी ऐकू येत होतं. पुढे तो बैल मरेपर्यंत कुणाला डोक्याला हात लावू देत नव्हता. ढवळ्याच्या बाबतीत ते मला होऊ द्यायचं नाही. शिंगापाशी इंजेक्शन दिलं की पुरतं बधिर होतं का? असर उतरल्यावर काय करायचं? घरात माझ्या गुडघ्यासाठी आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आहेत, त्या चालतील?

निवृत्त_पशुवैद्य_दापोली
ताई, होतं, पण थांबायची तयारी हवी. शिंगाची नस डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडून बुंध्याकडे जाते. मध्ये हाडाची कड बोटाला लागते, तिच्याखाली २ टक्के लिग्नोकेन, म्हणजे बधिरीचं औषध, साधारण ५ ते १० मिली देतात. मग दहा-पंधरा मिनिटं काही करायचं नाही. सुई काढली की लगेच करवत लावणारे मी पाहिलेत, तिथेच जनावराचे हाल होतात. आधी बुंध्याच्या कातडीला सुई टोचून बघायला सांगा. मान झटकली तर अजून थांबा, नाहीतर थोडं औषध वाढवा.

पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, तिथे लिग्नोकेन नीट लागत नाही. म्हणून औषध दुखऱ्या भागात न देता नसेवर, निरोगी जागी द्यायचं. गरजेप्रमाणे बुंध्याभोवतीही टोचतात.

असर एक-दीड तासाचा. म्हणून मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक शिंग कापायच्या आधीच द्यायला सांगा, म्हणजे बधिरी उतरेपर्यंत ते काम करू लागतं. पुढचे दिवस किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. शिंगाची पोकळी कपाळातल्या पोकळीला जोडलेली असते, तेव्हा पट्टी भिजू देऊ नका, माशी बसू देऊ नका. कापलेला तुकडा तपासायला पाठवाच.

डायक्लोफिनॅक अजिबात नको. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे.

म्हसळेकर
ती बंदी गिधाडांसाठी आहे. डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर त्यांचे गुर्दे निकामी होतात. आमच्या चिरगावात गिधाडं घरटी करतात. उरलीत ती थोडीच. मेलॉक्सिकॅमने त्यांना धोका नाही, गोठ्यात तेच ठेवा.

गोठेवाली_गुहागर
शनिवारी झालं. पहिल्यांदा सुई टोचली तर ढवळ्याने मान झटकली. मी म्हटलं, "डॉक्टर, अजून थांबू या." त्यांनी थोडं औषध वाढवलं आणि माझ्यासोबत ओटीवर बसून राहिले. पाडताना धडपडला, पण करवत चालू असताना त्याचा कानसुद्धा हलला नाही. मी शेवटपर्यंत त्याच्या मानेवर हात ठेवून होते.

संध्याकाळी पेंढा खाल्ला. आज सकाळी उजव्या शिंगामागे खाजवू दिलं. डॉक्टरकाका, पट्टी रोज बदलायची की एक दिवसाआड?