द्राक्षबागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहातील फसवे संदेश कसे रोखावेत?

द्राक्षबाग_निफाड
नमस्कार. निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदारांचा सुमारे साडेसहाशे सदस्यांचा समूह मी चार वर्षांपासून सांभाळतो. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या डाऊनी (केवडा) रोगाच्या फवारणीपासून व्यापाऱ्यांच्या दरांपर्यंत सगळी चर्चा तिथेच होते. गेल्या दोन महिन्यांत मात्र शेअर बाजारातील हमखास नफ्याच्या जाहिराती आणि कर्जाच्या लिंक येऊ लागल्या आहेत. परवा तर 'पीएम किसान' अशा नावाची एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल आली. एका ज्येष्ठ सदस्यांनी ती उघडली आणि तासाभरात त्यांच्या खात्यातून औषधांसाठी ठेवलेले ४८ हजार रुपये गेले. मन फार अस्वस्थ आहे. केवळ अ‍ॅडमिननेच लिहावे असे बंधन घातले, तर समूहाचा उपयोगच उरणार नाही. अशा लोकांना बाहेर कसे ठेवावे?

तासगावकर
आपल्या समूहाची लिंक कुठे कुठे पोहोचली आहे, ते आधी शोधा. आमची लिंक एका कृषी प्रदर्शनातील फलकावर क्यूआर कोडच्या रूपात छापली होती आणि त्या फलकाचे छायाचित्र पुढे कितीतरी ठिकाणी फिरत राहिले. जुनी लिंक 'रीसेट' केली की ती निकामी होते. त्यासोबत नव्या सदस्याला अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल अशी सेटिंग सुरू करा. आम्ही प्रत्येकाला कोणत्या वाणाची बाग आहे आणि छाटणी कधी घेतली, एवढेच विचारतो. खरा बागायतदार लगेच सांगतो, 'दोन एकर सोनाका, छाटणी दसऱ्यानंतर.' भामटे बहुधा उत्तरच देत नाहीत.

मोबाईल_दुरुस्ती_सातारा
वरील उपाय योग्यच आहेत, परंतु ती एपीके फाईल नेमकी कोणाच्या क्रमांकावरून आली, हे आपण पाहिले का?

द्राक्षबाग_निफाड
आपल्या प्रश्नानंतर तपासले. ती आमच्या तीन वर्षांच्या जुन्या सदस्याच्या क्रमांकावरून आली होती. फोन केला, तेव्हा ते बागेत होते आणि त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

मोबाईल_दुरुस्ती_सातारा
मला हीच शंका होती. अशी फाईल बसवली की ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि आपण 'होय' म्हटले, की बँकेचा ओटीपी आणि व्हॉट्सअ‍ॅपचा सहा अंकी पडताळणी कोड, दोन्ही चोराला मिळतात. मग तो त्या माणसाचे व्हॉट्सअ‍ॅप आपल्या फोनवर सुरू करून त्याच्याच नावाने सगळ्या समूहांत तीच फाईल टाकतो. ओळखीचे नाव दिसते म्हणून लोक ती उघडतात. म्हणजे मंजुरीची सेटिंग कितीही कडक केली, तरी ही वाट उघडीच राहते.

त्या दोघांचेही फोन आधी इंटरनेटपासून तोडा. सिमकार्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनमध्ये घालून व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा नोंदवले, की चोराच्या फोनवरील व्हॉट्सअ‍ॅप बंद पडते. लगेच व्हॉट्सअ‍ॅपच्या द्विस्तरीय पडताळणीचा (कोडखेरीज आणखी एक गुप्त अंक मागणारा) पिन ठेवा. बाधित फोन पूर्ण पुसून रीसेट करणेच बरे, कारण अशी अ‍ॅप पुष्कळदा स्वतःचे चिन्ह लपवतात. पैसे गेलेल्या काकांसाठी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर आजच तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

वकील_नागपूर
आपल्यावर कायदेशीर जबाबदारी येईल का, ही भीतीही मनात असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले आहे की, समान उद्देश किंवा पूर्वनियोजित संगनमत सिद्ध झाल्याखेरीज सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन असल्याने कोणी दोषी ठरत नाही. तरीही फाईल काढून टाकण्याआधी क्रमांक आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, तक्रारीत तो लागतो.

द्राक्षबाग_निफाड
सर्वांचे मनापासून आभार. लिंक रीसेट केली आहे, १९३० वर तक्रारही झाली. कोणाच्याही नावाने एपीके आली तर ती न उघडता आधी त्या माणसाला साधा फोन करावा, असा नियम समूहाच्या वर्णनात लिहिला आहे. रविवारी गावच्या सभामंडपात ज्येष्ठ सदस्यांना बोलावले आहे. प्रत्येकाच्या फोनवर पिन आम्ही दोघे-तिघे बसून ठेवून देऊ.