अनुभव धागा : ग्रीसच्या क्रीट बेटावरचे राजवाडे, घळी आणि समुद्र

रानवारा :
आजोळच्या वाड्यातले धान्याचे रांजण विकायला काढलेत, मामेभावाने ग्रुपवर फोटो टाकले. बघितले आणि क्रीटमधला क्नोसोसचा जुना राजवाडा आठवला. हेराक्लिओन शहरातून बसने लगेच जाता येतं. राजवाड्याच्या कोठारांत साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे रांजण अजून उभे आहेत, काही तर माणसाएवढे. तेल, धान्य, वाइन साठवायचे. अंगावर मातीच्याच दोरांची नक्षी आणि वरपासून खालपर्यंत बारके बारके कान. सिंहासनाची खोली बघायला ही रांग! मी आपली रांजणांपाशीच रेंगाळले. क्रीट पाहिलेल्यांनी लिहा ना, डोंगर-समुद्राचंही चालेल.

खडूफळा :
क्नोसोस एव्हन्स या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने 1900 साली खोदायला घेतलं आणि पुढे चक्क काँक्रीटचे खांब-मजले उभे केले. मला ते फार खटकलं. त्यापेक्षा फाइस्तोसच्या राजवाड्याला जा. तिथे असे मजले चढवलेले नाहीत. रुंद दगडी पायऱ्यांवर निवांत बसायचं, एकीकडे मेसाराचं मैदान, दुसरीकडे प्सिलोरिटिस डोंगर, 2456 मीटर. एप्रिलमध्ये गेलो होतो, शिखरावर बर्फ होता.

माईसाहेब :
खटकायचं काय त्यात? नुसती जोती बघून आमच्यासारख्यांना काय कळणार? ते लाल खांब, वर जाड आणि खाली निमुळते, बघितले तेव्हा जिना कसा होता ते समजलं.

डोंगरभटक्या :
समारिया घळ कुणीच कशी नाही लिहिली?? ओमालोसच्या पठारावरून सुटायचं आणि थेट लिबियन समुद्राला लागायचं, 16 किमी. सुरुवात 1200 मीटरच्या वर, त्यामुळे गुडघ्यांची परीक्षा. शेवटाकडे कडे इतके जवळ येतात की मधे चारेक मीटरच वाट उरते. सांदण दरी केलेल्यांना वेड लागेल. मधे एक ओसाड गाव लागतं, 1962 ला राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा माणसं उठवली. तिथेच क्री-क्री दिसली, रानबकरी. पाणी पीत होती, आम्ही सगळे श्वास रोखून. खाली अगिया रुमेलीला गाडीरस्ता नाही, बोटच. शेवटची बोट चुकवू नका.

माईसाहेब :
गुडघ्यांचं ऐकून बेत रद्द 😀 बोटीने खालून थोडं आत जाता येतं का?

डोंगरभटक्या :
येतं की माई. अगिया रुमेलीला उतरायचं आणि अरुंद भागापर्यंत चालत जाऊन परत. नक्की जा. मे ते ऑक्टोबरच उघडी असते, पावसापाण्याचं बंद ठेवतात.

सायली_नाशिक :
शाकाहारी काय खाता येतं ते सांगा आधी. सासूबाई बरोबर आहेत. 🙏

रानवारा :
सायली, काळजी नको. दाकोस खा, जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, चीज, ऑलिव्ह तेल. उकडलेली रानभाजी म्हणजे होर्ता, वर लिंबू. आणि ‘निस्तिसिमो’ विचारायचं, म्हणजे त्यांच्या उपासाचं. मांस, दूध नसतं. पण कोळंबी-ऑक्टोपस त्यांना उपासाला चालतात हं, तेवढं विचारून घ्या.

सायली_नाशिक :
कोळंबी उपासाला!! सासूबाईंना सांगत नाही.

शांतनदी :
स्पिनालोंगा. 1903 ते 1957 कुष्ठरोग्यांना त्या बेटावर ठेवत होते. माझी मावशी आनंदवनात काम करायची, त्यामुळे मला तिथे फिरताना बोलवेचना. पण लोकांनी तिथे दुकानं चालवली, लग्नं केली, मुलं झाली. घरांच्या खिडक्यांना निळा रंग अजून दिसतो.

खडूफळा :
शांतनदी, मावशींना नमस्कार सांगा.

शांतनदी :
सांगते. नव्वदीला आल्यात, खुश होतील.

लिपीवेडी :
हेराक्लिओनच्या संग्रहालयात फाइस्तोसची तबकडी बघितली का कोणी? 1908 ला सापडली. भाजलेली माती, तळहातापेक्षा थोडी मोठी, दोन्ही बाजूंना चक्राकार चिन्हं आणि ती ठसे मारून उमटवलेली. अजून वाचता आलेली नाही, आपल्या सिंधू लिपीचं तेच. क्रीटचीच लिनिअर बी ही जुनी लिपी मात्र 1952 ला व्हेंट्रिसने सोडवली, माणूस पेशाने वास्तुविशारद! त्या काचेपुढून मला हलवत नव्हतं.

सायली_नाशिक :
जुलैत ऊन फार असतं का हो? सुट्ट्या तेव्हाच आहेत.

डोंगरभटक्या :
फार. क्नोसोस उघडल्या उघडल्या गाठा, सावली नाहीच म्हणा. टोपी आणि पाणी. दुपारी समुद्र.

माईसाहेब :
रानवारा, ते रांजण विकले की आहेत? मला एक हवाय, खरंच.