द फाउंटन (२००६) कुणाला मनापासून आवडलाय का? नक्की कसा बघायचा हा सिनेमा?

चांदणवेल
नमस्कार मंडळी, शनिवारी रात्री डॅरन अरॉनॉफ्स्कीचा द फाउंटन बघितला, ह्यू जॅकमन आणि रेचल वाइझचा. जेमतेम ९६ मिनिटांचा आहे पण संपल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. नवरा अर्ध्यातून उठून गेला, म्हणाला काही कळतच नाहीये, मध्येच तलवारवाला स्पॅनिश सैनिक, मध्येच माकडांवर प्रयोग करणारा डॉक्टर, मध्येच टक्कल केलेला माणूस पारदर्शक गोळ्यात झाडाशेजारी पद्मासन घालून अवकाशात चाललाय. मलाही निम्मं कळलं नाही, खरं सांगते. पण डोक्यात ट्यूमर झालेली इझी गेल्यावर तिचा नवरा टॉम, म्हणजे तो डॉक्टर, तिनेच दिलेल्या पेन-शाईने बोटावर अंगठीच्या जागी टोचून टोचून गोंदवतो ना, ते डोळ्यांसमोरून हलतच नाहीये.
तर तिन्ही काळ खरे धरायचे का? आणि ज्यांना आवडलाय त्यांना नेमकं काय भावलं? (पुढे स्पॉयलर आले तरी चालतील.)

माळरान
मी पाच वेळा बघितलाय आणि दर वेळी रडलोय. माझ्या मते सोळाव्या शतकातला भाग म्हणजे इझी लिहित असलेलं पुस्तक. शेवटचं प्रकरण ती मोकळं ठेवते आणि टॉमला सांगते तू पूर्ण कर, आणि अवकाशातला भाग म्हणजे त्याने कसंबसं लिहिलेलं ते प्रकरण. काही जण म्हणतात नाही, टॉमला खरंच औषध सापडतं आणि तो शेकडो वर्षं जगतो, त्यालाही सिनेमात आधार आहे, त्या माणसाच्या दंडापर्यंत गोंदलेली वलयं झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी आहेत. मला दोन्ही चालतं. पण कोडं सोडवायला बसलात तर खरी गोष्ट हातातून निसटेल असं वाटतं.
खरी गोष्ट सुरुवातीलाच आहे. पहिला बर्फ पडलाय, इझी लॅबच्या दारात येते, म्हणते चल फिरायला, आणि तो म्हणतो आत लोक थांबलेत. ऑपरेशनसाठी हात धुताना काढून ठेवलेली अंगठी त्याच दिवशी हरवते. बास. तो प्रसंग सिनेमा परत परत दाखवतो आणि शेवटी एकदा तो सगळं टाकून तिच्यामागे बर्फात पळत जातो. पाचशे वर्षं, अवकाशातला तो तारा, ते झाड, सगळं त्या एका नकाराभोवती फिरतंय. त्यात तो माकडावरचा प्रयोग बघा, औषधाने म्हातारं माकड तरतरीत होतं, जखमा भरतात, म्हणजे केवढा मोठा शोध, पण टॉमला त्याचं काहीच नाही कारण माकडाचा ट्यूमर तेवढाच आहे. आणि माकडाचा ट्यूमर आकसल्याची बातमी येते तेव्हा उशीर झालेला असतो.

खडूफळा
मी विरुद्ध पार्टीतला. दोनदा प्रयत्न केला, नाही पटला. सिनेमातलं शिबाल्बा म्हणजे मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचं पाताळ, पोपोल वूह या त्यांच्या पुराणग्रंथात तिथे मृत्यूचे अधिपती राहतात आणि येणाऱ्याला एकेका भयंकर घरात कोंडून परीक्षा घेतात. सिनेमात त्याचा सोनेरी तेजोमेघ झालाय, पुनर्जन्माची शांत जागा. माया माणसं स्वतः मात्र भाले घेऊन धावून येण्यापुरतीच. आणि इझी इतकी शांत का? मरणाची भीती तिने कशी ओलांडली ते आपल्याला दिसतच नाही, ती ओलांडून झाल्यावरच भेटते आपल्याला. मला तिची गोष्ट हवी होती, टॉमची नाही.
संगीताबद्दल मात्र वाद नाही. संगीतकार क्लिंट मॅन्सेल, वाजवणारे क्रोनोस क्वार्टेट आणि मोगवाय बँड, शेवटची दहा मिनिटं नुसती ऐकली तरी अंगावर काटा येतो.

पारंब्या
खडूफळा, इझीचा मुद्दा मान्य. पण हा सिनेमा बनला कसा तेही बघा. आधी ब्रॅड पिट आणि केट ब्लँचेट होते, बजेट ७ कोटी डॉलरच्या आसपास, ऑस्ट्रेलियात सेट उभे राहिले आणि २००२ मध्ये पिट बाहेर पडला, सगळं बंद. अरॉनॉफ्स्कीने पटकथा परत लिहून साधारण निम्म्या पैशात केला. तो तेजोमेघ कॉम्प्युटरवर बनवलेला नाही, पीटर पार्क्सने छोट्या बशीत रसायनं मिसळून मॅक्रो लेन्सने शूट केलंय, म्हणून आजही जुना वाटत नाही. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पत्रकारांच्या शोमध्ये हुर्यो उडवली आणि नंतर प्रेक्षकांच्या शोला लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. तेव्हापासून असाच आहे, अर्धे इकडे अर्धे तिकडे.

आंबेमोहर
मी सहसा लिहीत नाही इथे. माझ्या बाबांना कॅन्सर होता, आठ महिने मी रिपोर्ट, सेकंड ओपिनियन, फाइल घेऊन या शहरातून त्या शहरात. बाबा संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणायचे ये गं, बस जरा, आणि मी म्हणायचे बाबा दोन फोन करून आलेच. त्यामुळे बर्फाचा तो सीन मला नाही बघवत.
आपण लहानपणापासून सावित्रीची गोष्ट ऐकतो, यमाच्या मागे मागे जाऊन नवरा परत आणणारी. टॉमही तसाच मागे लागतो, पण सत्यवान तरी गेलेला होता, इझी अजून जिवंत आहे, घरात आहे, आणि हा तिला सोडून यमाच्या मागे धावतोय. हे मला बाबा गेल्यावर दुसऱ्यांदा बघताना कळलं.
इझी तिला भेटलेल्या एका माया गाईडच्या वारलेल्या वडिलांची गोष्ट सांगते ना, त्यांच्यावर बी लावलं आणि ते झाडात गेले, फुलात गेले. आम्हीपण रक्षा नदीत न सोडता शेतात खड्ड्यात घालून वर आंबा लावला. यंदा पहिल्यांदा मोहोर आला.

चांदणवेल
आंबेमोहर, तुमचं वाचून हात थांबले माझे. खडूफळा, तुमचाही मुद्दा डोक्यात ठेवून परत बघणार आहे. नवऱ्याला माळरान यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो म्हणाला ती दारात येते तेवढाच भाग लाव आधी. लावतेय आत्ता.