अनुभव धागा: तुमच्या पेठेतलं दुकान

माळ्यावरचा पेटारा: काल मावसभावाने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. राजापूरच्या पेठेतल्या मामांच्या दुकानाच्या फळ्या भंगारवाल्याच्या टेम्पोत. शटर नव्हतं तेव्हा या फळ्या खाचेत सरकवून दुकान बंद करायचे. प्रत्येकीवर नंबर, एकीच्या जागी दुसरी बसायचीच नाही. सुट्टीत गेलो की हे काम आम्हा भाचरांकडे.

कापडाचं दुकान. राजापुरी पंचे, खण, गणवेशाचं कापड. जूनमध्ये शाळा आणि मग गणपतीत चाकरमानी, यावर वर्ष निघायचं. पुढे शाळा तयार गणवेश द्यायला लागली, चाकरमानी मुंबईहूनच भरलेल्या बॅगा आणायला लागले. मामा तरी रोज उघडून बसायचे, पेपर वाचायला म्हणा. तुमच्याकडचं लिहा, दोन ओळी चालतील.

वाशिष्ठीकाठ: चिपळूण, किराणा. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती. २२ जुलै २०२१ ला बाबांनी त्या खुणेच्या वर हात-दीड हात माल चढवला आणि निश्चिंत झाले. पाणी त्याच्याही वर गेलं. भिजलेल्या तांदळाचा वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. विमा नव्हता. कर्ज काढून परत उघडलं, पण मधल्या काळात लोकांना फोनवरून मागवायची सवय लागली ती लागलीच. आता गिऱ्हाईक येतं ते कोथिंबीर आणि काडेपेटीला. बाकी नंतर, कुकर झालाय.

माळ्यावरचा पेटारा: बाप रे. बाबा कसे आहेत आता?

वाशिष्ठीकाठ: बरे आहेत. पाऊस जोरात लागला की रात्री झोपत नाहीत, एवढंच.

गजालीकार: कुडाळात माझा मोबाइलचा दुकान. गिऱ्हाईक येता, फोन हातात घेता, रंग बघता, माका सगळी माहिती विचारता. मगे 'बगतंय' म्हणान जाता. आठ दिवसांनी तोच फोन घेवन येता, काच लावक! ऑनलाइन सेलचो दर माझ्या खरेदीच्या दरापेक्षा कमी, मी खयसून देव? आता काच नि कव्हर हेच्यारच पोट भरतंय.

सुशेगाद_मी: काच तरी तुझ्याकडे लावतात ना रे 😄

गजालीकार: ती पण घराकडसून घेवन येतत. 'फक्त लाव' म्हणतत.

हातखंबा_तिठा: मी थोडं उलट लिहिते, राग मानू नका. दुकानदारांनीही कमी छळलं नाही. दुपारी एक ते चार बंद. बदलून मागितलं तर चेहरा असा करायचे जणू किडनी मागितली. आणि आतले कपडे काउंटरवरच्या काकांकडे मागायचे, साइज मोठ्याने सांगायचा, मागे ओळखीचे चार जण उभे. पार्सल घरी येतं तेव्हा ते तरी सुटलं. पेठ मेली म्हणून मला दुःख होतं, पण सगळ्याच आठवणी गोड नाहीत.

वाशिष्ठीकाठ: साइजचं शंभर टक्के खरं. पण दुपारच्या झोपेला बोलायचं नाही 😂

पुलाखालचा: कणकवली. आमचं खाजं-लाडूचं दुकान, हायवेला लागून. गोव्याच्या गाड्या थांबायच्या, ड्रायव्हर लोकांना चहा फुकट, ते पॅसेंजर उतरवायचे. चौपदरीकरणात पूल झाला, गाड्या डोक्यावरून जातात. रस्ता नको होता असं नाही, आईला दवाखान्यात न्यायला तोच बरा पडतो. पण खाजं शिळं होतं त्याचं काय.

मोतीतलाव: सावंतवाडीला तेच. हायवे झाराप-पत्रादेवी बाहेरून गेला, रेल्वे स्टेशन मळगावात. गावात यायला आता कारण लागतं. चितारआळीत लाकडी फळं, खेळणी घ्यायला मुद्दाम येणारे अजून आहेत. आमचं स्टेशनरीचं दुकान, त्यासाठी मुद्दाम कोण येणार?

सुशेगाद_मी: उधारीच्या वहीचं कोणीच लिहिलं नाही. आमच्या आजोबांच्या वहीत माणसांची नावं नसायची. 'आंब्याकडचा', 'मास्तर जुने', 'कोर्टवाली'. आजोबा गेले, वसुली कोणाकडे करणार! त्यातले एक 'मास्तर जुने' स्वतःहून येऊन पैसे देऊन गेले. कोर्टवालीचा अजून पत्ता नाही.

गजालीकार: कोर्टात बघ 🤣

पुलाखालचा: जागा स्वतःची असेल तर दुकान टिकतं, भाड्याची असेल तर हिशोब करून बघा. आमच्या रांगेत जे उरलेत ते सगळे मालक आहेत. बाकी गाळ्यांत एटीएम, रिचार्ज आणि मोमोज.

हातखंबा_तिठा: जरा अवांतर. राजापुरी पंचे आता कुठे मिळतील? सासऱ्यांना दुसरा टॉवेल चालत नाही. ऑनलाइन मागवला तो पाणीच टिपत नाही.

माळ्यावरचा पेटारा: मामांकडे एक गठ्ठा उरलाय बहुतेक. विचारते. पैसे घेणार नाहीत, आधीच सांगते.

हातखंबा_तिठा: मग नको. पैसे घेत असतील तर चार.

माळ्यावरचा पेटारा: मामी घेतील. तिलाच फोन लावते.